त्वचेची निगा आणि चेहऱ्यावरील इंजेक्शने : नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

बोटॉक्स, फिलर, ग्लो ड्रिप हे शब्द आता लग्नाच्या पॅकेजांतही येऊ लागले आहेत आणि फेशियलच्या ओळीतच त्यांचे दर छापलेले दिसतात. सुईतून शरीरात जाणारी वस्तू मात्र औषध असते, आणि औषधाविषयी जे प्रश्न विचारायचे ते सर्व तिच्याविषयीही विचारायला हवेत, या भूमिकेतून खालील उत्तरे लिहिली आहेत. ती सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. आपल्या त्वचेचा निर्णय आपल्याला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांनीच द्यावा.

इंजेक्शन घेण्याआधी साध्या उपायांनी काय साधते?

पुष्कळ साधते, पण सावकाश. चेहरा निस्तेज दिसतो अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांची खरी अडचण उन्हाने आलेला काळवंडलेपणा, कोरडेपणा किंवा चुकीचे क्रीम ही असते, आणि यांपैकी कशावरही सुईचा उपयोग नाही. सौम्य फेसवॉश, त्वचेला मानवेल असे मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन आणि गरज असल्यास रात्री रेटिनॉइड (‘अ’ जीवनसत्त्वाशी नाते असलेले औषध) एवढ्यावर तीन-चार महिने नेटाने राहिल्यास फरक दिसतो. ट्रेटिनॉइन, अ‍ॅडापेलिन ही रेटिनॉइड गटातील औषधे संपूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढीच लावायची असतात आणि सुरुवातीला एक रात्र सोडून एक लावावीत; पहिल्या काही आठवड्यांत त्वचा सोलवटते, लाल होते, आणि नेमक्या त्याच वेळी लोक कंटाळून ट्यूब बाजूला ठेवतात. गरोदर असताना किंवा गर्भधारणेचा विचार असताना ही औषधे वापरू नयेत.

नाशिकची हवा तर थंड आहे. मग सनस्क्रीन रोज कशाला?

हवा थंड असली म्हणून अतिनील किरणे कमी होत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा खूप खाली उतरतो, काही वर्षी दवबिंदूही गोठतात, आणि त्याच दिवशी दुपारी आभाळ इतके स्वच्छ असते की ऊन अंगाला हवेहवेसे वाटते. थंडीत चेहरा काळवंडतो तो या उन्हामुळेच. त्यात कोरड्या हवेची भर पडते आणि गालांना भेगा पडतात.

डब्यावरील एसपीएफचा आकडा मुख्यतः अतिनील ‘बी’ किरणांविषयी सांगतो. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के आणि एसपीएफ ५० सुमारे ९८ टक्के किरणे अडवते, म्हणजे आकडा वाढला तरी फरक थोडाच पडतो. अतिनील ‘ए’ किरणांपासून मिळणारे संरक्षण ‘पीए’पुढील अधिकच्या चिन्हांवरून कळते. खरी उणीव राहते ती प्रमाणात. ही मोजमापे दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर धरून केलेली असतात; चेहरा आणि मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीइतकी रेघ घेतली तरच तो थर बसतो. बहुतेक जण त्याच्या अर्ध्यानेही भागवतात, त्यामुळे महागडी ट्यूब असूनही संरक्षण तोकडे पडते. बाहेर असताना दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे.

स्कूटरवर चेहऱ्याला स्कार्फ बांधणाऱ्या मुलींची थट्टा करणाऱ्यांना सांगायला हवे, की जाड कापड हे स्वस्त आणि न पुसले जाणारे सनस्क्रीन आहे.

द्राक्षबागेत काम करणाऱ्यांनी वेगळी काळजी घ्यावी का?

होय. एप्रिलची खरडछाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील गोडी छाटणी या दोन्ही वेळी तासन्‌तास उन्हात उभे राहावे लागते. गोडी छाटणीनंतर काड्यांवरचे डोळे, म्हणजे अंकुर, एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात, आणि ती अनेकदा उघड्या हातांनी लावली जाते. हे रसायन त्वचा भाजते, डोळ्यांना इजा करते, आणि ते हाताळण्याच्या आगेमागे मद्य घेतल्यास चेहरा लालबुंद होणे, धडधड, रक्तदाब उतरणे असा त्रास होऊ शकतो. रबरी हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि काम संपताच साबणाने अंघोळ एवढे तरी पाळावे. बांधावरच्या गाजरगवताची अ‍ॅलर्जीही विसरू नये. पापण्या, मान आणि कोपरांच्या खोबणी खाजून जाड व काळ्या पडू लागल्या, तर अशा चेहऱ्यावर पील (रसायनाने त्वचेचा वरचा थर काढणे) किंवा लेझर करून घेण्यापूर्वी त्या अ‍ॅलर्जीचा शोध घ्यावा लागतो. खाज चालू असताना डाग घालवण्याच्या मागे लागणे व्यर्थ आहे.

गालांवरचे वांग इंजेक्शनने जाते का?

वांग कायमचे घालवणारे इंजेक्शन नाही. ऊन, संप्रेरके आणि आनुवंशिकता यांच्या संगनमताने ते येते. गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्यांवर असताना अनेकींना ते पहिल्यांदा दिसते. उपचारांनी ते फिके होते, आणि चार दिवस उन्हात काढले की पुन्हा गडद होते. केवळ अतिनील किरणेच नव्हेत, तर साधा दृश्य प्रकाशही आपल्या वर्णाच्या त्वचेत वांग वाढवतो, म्हणून आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन येथे अधिक उपयोगी पडते. अझेलिक अ‍ॅसिड, कोजिक अ‍ॅसिड, नियासिनामाइड ही तुलनेने सौम्य द्रव्ये आहेत. हायड्रोक्विनोन प्रभावी आहे, परंतु ते ठरावीक मुदतीपुरते आणि देखरेखीखालीच वापरावे. आपली सावळी-गव्हाळ त्वचा प्रत्येक जखमेचा, भाजण्याचा आणि जोरकस लेझरचा काळा डाग धरून ठेवते, त्यामुळे ‘एका बैठकीत वांग साफ’ अशी हमी मिळाली तर तेथून उठावे हे उत्तम.

मेडिकलमधून आणलेल्या क्रीमने आठ दिवसांत चेहरा उजळला. ते चालू ठेवावे का?

त्यात स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता आहे. स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांचे तिहेरी मिश्रण असलेल्या ट्यूब दुकानदार, शेजारीण किंवा पार्लर यांच्या सल्ल्याने सर्रास वापरल्या जातात. पहिले काही आठवडे चेहरा काचेसारखा चमकतो. मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरुमांचा उठाव होतो, बायकांच्या हनुवटीवर केस येतात, आणि क्रीम बंद करताच चेहरा आग-आग होतो म्हणून ती पुन्हा सुरू होते. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला ‘स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा’ असे स्वतंत्र नावच दिले आहे. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड क्रीम शेड्यूल ‘एच’मध्ये आणली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. कागदावर तरी. आपण अशी क्रीम महिनोन्‌महिने वापरत असाल, तर ती एकदम सोडण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञांना ट्यूब दाखवून त्यांच्या सांगण्याप्रमाणे कमी करावी.

यापेक्षाही घातक आहेत ती पारा मिसळलेली, बिननावाची किंवा परदेशी डब्यांतली गोरेपणाची क्रीम. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातील आणि आपल्याकडे अकोल्यातील रुग्णांच्या मूत्रपिंडांना अशा क्रीममुळे इजा झाल्याचे २०२३ मध्ये उजेडात आले. पायांवर, डोळ्यांभोवती सूज येणे आणि लघवीला फेस येणे ही लक्षणे क्रीम वापरणाऱ्या व्यक्तीत दिसल्यास लघवीची तपासणी त्वरित करावी. डब्यावर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसेल, तर क्रीम कितीही गुणकारी असल्याचे सांगितले तरी घेऊ नये.

लिंबू, हळद, मुलतानी माती हे तरी निर्धोक आहे ना?

हळद, बेसन, दूध यांचे उटणे बहुतेकांना मानवते. त्याने वर्ण बदलत नाही, इतकेच. लिंबू मात्र चेहऱ्यावर लावू नये, कारण लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले की फोड येऊन काळे ओघळ उमटतात आणि ते महिनोन्‌महिने टिकतात. कपाळाच्या मध्यभागी टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग पडला असेल, तर कोड आले म्हणून घाबरण्याआधी टिकलीमागच्या डिंकातील रसायनाचा संशय घ्यावा आणि टिकली बंद करून तपासून घ्यावे.

मान काळी पडली आहे, घासूनही निघत नाही.

तो मळ नाही. मान, काखा येथील त्वचा जाडसर, मखमली आणि काळी होणे हे बहुधा शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याचे चिन्ह असते. वजन आणि रक्तातील साखर तपासावी. घासण्याने काळेपणा वाढतो.

बोटॉक्स म्हणजे विषच ना? ते चेहऱ्यात नेमके काय करते?

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूपासून मिळणारे ते विषच आहे, आणि हे लपवण्याचे कारण नाही. अतिसूक्ष्म मात्रेत ते औषध म्हणून वापरले जाते. मज्जातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलिन हे द्रव्य स्रवले की स्नायू आकुंचन पावतो. बोट्युलिनम टॉक्सिन हा स्राव रोखते, स्नायू सैल पडतो आणि त्याच्यावरच्या त्वचेला घडी पडत नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी तिरळेपणासाठी त्याचा वापर विकसित केला, आणि १९८९ मध्ये अमेरिकेत डोळ्यांच्या विकारांसाठी त्याला मान्यता मिळाली. पापण्यांच्या आकडीवर हे औषध घेणाऱ्या रुग्णांच्या भुवयांमधल्या आठ्याही नाहीशा होतात, हे कॅनडातील व्हँकुव्हरच्या जीन आणि अ‍ॅलिस्टर कॅरुथर्स या डॉक्टर दांपत्याने हेरले. त्यांचा शोधनिबंध १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २००२ मध्ये आठ्यांसाठी अमेरिकी मान्यता आली.

कपाळावरच्या आडव्या आठ्या, भुवयांमधल्या उभ्या रेषा, हसताना डोळ्यांच्या कडेला पडणाऱ्या सुरकुत्या, म्हणजेच हालचालीमुळे पडणाऱ्या रेषा, यांवर त्याचा उपयोग होतो. परिणाम तीन ते पाच दिवसांत सुरू होतो, दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो आणि साधारण तीन-चार महिने टिकतो. म्हणून दुसऱ्याच दिवशी ‘काहीच झाले नाही’ असे म्हणून आणखी डोस मागू नये. भुवयांमधल्या रेषांसाठी बोटॉक्स या ब्रँडची नेहमीची मात्रा २० युनिट आहे. परंतु एका ब्रँडचे युनिट दुसऱ्या ब्रँडच्या युनिटाइतके नसते, त्यामुळे युनिटांच्या आकड्यावरून दोन दवाखान्यांच्या दरांची तुलना करणे फसवे ठरते.

इंजेक्शननंतर चार तास आडवे होऊ नये आणि ती जागा चोळू नये. काही वेळा औषध शेजारच्या स्नायूत उतरून पापणी खाली येते. ती काही आठवड्यांत आपोआप पूर्ववत होते. गरोदर किंवा स्तनदा स्त्रियांनी आणि मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखे स्नायूंचे विकार असलेल्यांनी हे इंजेक्शन घेऊ नये.

मग फिलर वेगळे कसे?

फिलर स्नायूंना हात लावत नाही; ते रिकामी झालेली जागा भरते. वय वाढते तशी गालांतील चरबी उतरते, हाड झिजते, नाकापासून ओठांच्या कडेपर्यंतची घडी खोल होते. तेथे हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचे जेल भरतात. हे द्रव्य आपल्या त्वचेत मुळातच असते, मात्र नैसर्गिक स्वरूपात ते फार लवकर विरघळते, म्हणून फिलरमध्ये त्याचे धागे रासायनिकरीत्या एकमेकांत गुंफलेले असतात. जागा आणि जेलचा घट्टपणा यांनुसार ते सहा महिने ते दीड वर्ष टिकते. त्याचा मोठा गुण असा, की हायल्युरॉनिडेज हे विकर टोचले असता ते विरघळवता येते. कॅल्शियम हायड्रॉक्सिअपेटाइट किंवा पॉलि-एल-लॅक्टिक अ‍ॅसिडच्या इंजेक्शनांना ही सोय नाही. पहिल्यांदाच फिलर घेणाऱ्याने विरघळवता येणारेच घ्यावे, असे आमचे मत आहे. कायमस्वरूपी फिलरची जाहिरात ऐकली तर ‘कायमस्वरूपी’मध्ये बिघाडही येतो, हे ध्यानात ठेवावे.

डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांसाठी सरसकट फिलर सुचवले जाते, ते चुकीचे आहे. वर्तुळे आनुवंशिक असतात, अ‍ॅलर्जीत डोळे चोळण्याने येतात, पंडुरोगातही गडद दिसतात. खड्डा पडला असेल तरच फिलरचा विचार करावा, आणि पातळ त्वचेखाली ते वरच्या थरात गेले तर निळसर झाक दिसते हेही आधी समजून घ्यावे.

यातला सर्वांत मोठा धोका कोणता?

फिलर रक्तवाहिनीत जाणे. सूज, काळे-निळे डाग, थोडा उंचसखलपणा हे त्रास नेहमीचे आहेत आणि ओसरतात. जेल धमनीत शिरले मात्र तिच्यावर अवलंबून असलेली त्वचा रक्ताविना मरू लागते. आणि चेहऱ्यावरील धमन्या डोळ्यांच्या धमन्यांशी जोडलेल्या असल्याने क्वचित कायमचे अंधत्वही येते. भुवयांमधली जागा आणि नाक ही ठिकाणे सर्वांत जोखमीची.

लक्षणे अशी : टोचताना किंवा नंतर त्वचा पांढरीफटक पडणे, मग जाळीदार निळसर-जांभळे डाग उमटणे, दुखणे वाढत जाणे, दिसणे अंधुक होणे. बधिर करणारे औषध बहुतेकदा जेलमध्येच मिसळलेले असते, त्यामुळे सुरुवातीला वेदना जाणवेलच असे नाही. यांपैकी काहीही दिसल्यास ‘उद्या येऊन दाखवा’ हे उत्तर स्वीकारू नये. त्याच वेळी हायल्युरॉनिडेज द्यावे लागते. डोळ्याच्या बाबतीत तर हाताशी तास-दीड तासच असतो. म्हणून फिलर घेण्याआधी एकच प्रश्न विचारायचा झाला तर तो हा विचारावा : ‘हायल्युरॉनिडेज आत्ता येथे आहे का? मला कुपी दाखवाल का?’ हा प्रश्न चांगल्या डॉक्टरांना खटकत नाही.

या इंजेक्शनांत प्राणिज घटक असतात का? उपवास चालतो का?

पूर्वी हायल्युरॉनिक अ‍ॅसिड कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढत असत. आजची फिलर जिवाणूंच्या किण्वनातून तयार होतात. बोटॉक्समध्ये मात्र मानवी रक्तापासून मिळवलेले अल्ब्युमिन असते, आणि डिस्पोर्ट या टॉक्सिनच्याच दुसऱ्या ब्रँडमध्ये दुधातील प्रथिनांचा अंश असू शकतो, म्हणून गायीच्या दुधाच्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी ते आधीच सांगावे. उपवासाच्या दिवशी येऊ नये. रिकाम्या पोटी सुई पाहून भोवळ येणारे कमी नाहीत. एकादशी उलटू द्यावी.

लग्नाआधी किती दिवस घ्यावे? आणि रंगपंचमीला?

साखरपुड्याच्या आदल्या आठवड्यात आलेल्यांना परत पाठवणे हेच योग्य. टॉक्सिनला पूर्ण उतरायला दोन आठवडे लागतात, थोडी दुरुस्ती करायची तर आणखी दोन. फिलरची सूज आणि काळेनिळेपणा निवळायलाही तेवढा अवधी धरावा. म्हणून किमान एक महिना आधी, आणि पहिल्यांदाच घेत असाल तर दोन-तीन महिने आधी. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, माशाच्या तेलाच्या आणि ‘ई’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या यांनी रक्त गोठायला वेळ लागतो आणि काळेनिळेपणा वाढतो. हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल, तर ते हृदयतज्ज्ञांना विचारल्याशिवाय बंद करू नये. आदल्या दिवशी मद्य टाळावे, मग ते आपल्याच जिल्ह्यातील वाईन का असेना.

रंगपंचमीला जुन्या नाशकात तिवंधा, दिल्ली दरवाजा, शनी चौक येथील रहाडी, म्हणजे रंगीत पाण्याचे जुने हौद, उघडतात. इंजेक्शन, पील किंवा मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचेला छिद्रे पाडणे) यांनंतर दोन आठवडे झाले नसतील तर रहाडीत उडी घेऊ नये. सुईच्या छिद्रांतून रंग आणि जंतू दोन्ही आत जातात. त्या मुदतीत रामकुंडातील स्नानही नको.

गोरेपणासाठी ग्लुटाथायोनची सलाईन, म्हणजे ‘ग्लो ड्रिप’, घ्यावी का?

घेऊ नये. त्वचा उजळवण्यासाठी शिरेतून द्यायच्या ग्लुटाथायोनला अमेरिकेच्या एफडीए या औषध प्रशासनाची मान्यता नाही, फिलिपिन्सच्या औषध प्रशासनाने त्याविरुद्ध इशारे दिले आहेत, आणि तीव्र अ‍ॅलर्जी, यकृत व मूत्रपिंडांना त्रास असे धोके नोंदले गेले आहेत. परिणाम दिसलाच तरी तो सलाईन थांबताच ओसरतो. मुलीचा रंग सावळा आहे म्हणून आईच तिला सलाईनसाठी घेऊन येते, तेव्हा उपचाराची गरज मुलीच्या त्वचेला नसते.

पीआरपी किंवा ‘व्हॅम्पायर फेशियल’ सुरक्षित आहे का?

त्यात आपलेच रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून प्लेटलेटयुक्त भाग वेगळा काढतात आणि तो टोचतात. रक्त आपलेच असल्याने अ‍ॅलर्जीचा प्रश्न कमी. परंतु सुया, नळ्या आणि लेबले यांत हलगर्जीपणा झाला तर धोका गंभीर. अमेरिकेतील न्यू मेक्सिकोमधील एका विनापरवाना स्पामध्ये अशा उपचारांतून एचआयव्हीची लागण झाल्याचे तेथील आरोग्य यंत्रणेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. किट आपल्यासमोर फोडले जाते की नाही, ते पाहावे.

इंजेक्शन कोणाकडून घ्यावे?

एमबीबीएसनंतर त्वचारोगशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा पदविका घेतलेल्या, किंवा प्लास्टिक सर्जरीत एमसीएच केलेल्या आणि या कामाचे प्रशिक्षण असलेल्या डॉक्टरांकडून. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ ही पाटी पदवीची जागा घेत नाही. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत तपासता येतो. सल्ला डॉक्टरांनी दिला आणि सुई सहायकाने धरली, असेही घडते. टोचणार कोण, हे आधी विचारावे.

कुपी किंवा सिरिंज आपल्यासमोर उघडावी, तिचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत पाहावी आणि वेष्टनावरच्या स्टिकरचा फोटो घ्यावा. टॉक्सिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावे लागते; पर्समधून काढलेली कुपी घेऊ नये. २०२४ मध्ये अमेरिकेत बनावट टॉक्सिनमुळे अंधुक दिसणे, गिळायला आणि श्वास घ्यायला त्रास होणे अशी लक्षणे झालेले रुग्ण आढळले. अशी लक्षणे दिसताच थेट मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे.

केवळ निदान हवे असेल, तर जिल्हा शासकीय रुग्णालयाच्या आणि आडगावच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग बाह्यरुग्ण विभागात कमी खर्चात ते मिळते.

विम्यातून खर्च मिळतो का?

सौंदर्यासाठी केलेले उपचार आरोग्य विम्यातून वगळलेले असतात. टॉक्सिनचा दर युनिटवर आणि फिलरचा सिरिंजवर, बहुधा १ मिलिलिटरवर, आकारला जातो. अर्धी उरलेली सिरिंज ‘पुढच्या वेळी वापरू’ म्हणून ठेवून घेऊ नये.

काही बिघडले तर तक्रार कोठे करावी?

आधी उपचार, मग तक्रार. औषधाचा दुष्परिणाम भारतीय औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णाला स्वतः नोंदवता येतो. बनावट किंवा पारायुक्त मालाविषयी अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक विभागीय कार्यालयाकडे, डॉक्टरांच्या वर्तनाविषयी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आणि भरपाईसाठी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. या प्रत्येक ठिकाणी बिल, संमतिपत्राची प्रत, उपचारापूर्वीचे व नंतरचे फोटो आणि बॅच क्रमांकाचा स्टिकर मागितला जातो. पक्के बिल नाकारणाऱ्या ठिकाणी मुळात सुईच टोचून घेऊ नये.